गिऱ्हाइकाचा डोळा

वामननानांनी रंगांना नावं दिली भरपूर, पण कुठल्याही रंगाला कधी नावं ठेवली नाहीत. आम्ही एखाद्या रंगाकडे बघून नाक मुरडलं की ते लगेच त्याची बाजू घ्यायचे. "रंग वाईट नसतो, नंदा. त्याला शेजार चांगला मिळाला नाही." हे ते इतक्या कळवळ्यानं म्हणायचे की आपण कुणाच्या तरी मुलीचं जुळत आलेलं लग्न मोडलं असं वाटून ओशाळायला व्हायचं.

नाना म्हणजे वामन बाविस्कर, मूळचे अमळनेरकडचे. जळगावच्या बाजारात एका साडीच्या दुकानात तीस वर्षं गादीवर बसून त्यांनी साड्या दाखवल्या. मग मालकाच्या मुलांनी साड्या काढून पँट-शर्टचं दुकान करायचं ठरवलं. नाना म्हणाले, "पँटला ना काठ, ना पदर. मी दाखवू काय?" आणि गादीवरून उतरले. उतरले ते जिना चढून थेट आमच्याकडे आले, कारण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं.

ऑफिस म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर, मालक शिरीषभाऊ आणि पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन स्वतःला फार शहाणी समजणारी मी. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. दालमिल, दवाखाने, दूध संघ यांच्यासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो आणि ते विकता विकता आमच्या नाकी नऊ यायचे. शिरीषभाऊंनी नानांना ठेवून घेतलं ते विकण्यासाठी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जो माणूस मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता हसतमुखानं सतरावी साडी उलगडतो, तो काहीही विकेल. मला हे पटलं नव्हतं. कॉम्प्युटरमधलं ज्याला ओ की ठो कळत नाही, तो माणूस गिऱ्हाइकाला दाखवणार काय, असं मी तोंडावर म्हटलंही होतं. नाना हसले फक्त.

आणि मग आमच्याकडे रंगीत मॉनिटर आला!

आज हे वाक्य वाचून कुणाला काही वाटायचं नाही. तोपर्यंत आम्ही काळ्यावर हिरवी अक्षरं बघत जगत होतो. हातगाडीवरून खोकं आलं, शिरीषभाऊंनी नारळ फोडला आणि मी तासाभरात सोळाच्या सोळा रंग कामाला लावले. वर निळी पट्टी, खाली जांभळी, मधे पोपटी चौकट, चौकटीत लाल अक्षरं, आणि एक ओळ उघडमीट करणारी. मी आनंदानं वेडी झाले होते. नानांना हाताला धरून आणलं आणि म्हटलं, बघा!

नाना गिऱ्हाइकाशी अगदी छापील बोलायचे. पण मनातून हलले की त्यांची अहिराणी सुटायची. ते बघत राहिले, मग म्हणाले, "माय वं! नंदा, हाऊ टीव्ही शे का लग्नना मांडव? बठ्ठ्या साड्या एकदम गादीवर फेकी दिध्यात तं बाई एक बी लेत नही."

सगळ्या साड्या एकदम फेकल्या तर बाई एकही घेणार नाही, हे ऐकून मी हिरमुसले. पण नाना खुर्ची ओढून बसले ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. एकेक रंग वेगळा दाखव म्हणाले. कॉम्प्युटरमध्ये रंगांना नुसते आकडे होते, शून्य ते पंधरा. नानांना ते पटेना. आकड्यानं काय कैद्यांना बोलावतात, म्हणाले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादी केली आणि मॉनिटरच्या बाजूला चिकटवली. एक नंबर शाई, तीन फिरोजी, पाच वांगी, सहा चटणी, सात राख, दहा पोपटी, तेरा राणी, चौदा लिंबू. महिन्याभरात आमचे आकडे सुटले. मी प्रोग्रॅम लिहितानासुद्धा राणी, चटणी, लिंबू असंच लिहायला लागले. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या इंजिनियरनं ते वाचून विचारलं होतं की हा खानावळीचा प्रोग्रॅम आहे का.

पुढे मी रंगशास्त्राची इंग्रजी पुस्तकं विकत घेऊन वाचली. त्यात चक्रं होती, विरोधी रंग होते, तीन-तीन ओळींच्या व्याख्या होत्या. त्यातलं निम्मं मला नानांकडून फुकट मिळालेलं होतं. लागोपाठ तीन लाल साड्या दाखवल्या की चौथी लाल कितीही सुंदर असली तरी मळकी दिसते, म्हणून मधे एक हिरवी टाकायची. त्याला ते डोळा विसळणं म्हणायचे. भारी साडी उलगडण्याआधी गादीवर पांढरं मांजरपाट पसरायचं, म्हणजे नजर रिकामी होते. स्क्रीनवरही त्यांनी आम्हाला मोकळी जागा ठेवायला लावली. मी कुठे चार ओळी रिकाम्या दिसल्या की काहीतरी भरायला धावायची. नाना माझा हातच धरायचे. "राहू दे गं. मांजरपाट आहे ते."

उघडमीट करणाऱ्या ओळीवर त्यांचा विशेष राग होता. बाईला डोळा मारून साडी खपत नाही, चप्पल खावी लागते, असं ते म्हणाले आणि मी तत्काळ ती ओळ काढली. कुठलीही नवी स्क्रीन झाली की ते आधी दरवाज्यापाशी जाऊन उभे राहायचे आणि डोळे बारीक करून तिथून बघायचे. बाई दुकानात पाऊल टाकताना जी साडी बघते तिच्यावरच शेवटी येते, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. दरवाज्यातून जे पहिलं दिसेल ते कामाचं असलं पाहिजे. तिथून चौकटच दिसली आणि आकडा दिसला नाही, तर ती स्क्रीन माझ्याकडे परत यायची.

धुळ्याच्या बाजूला एका दूध संघात आमचा प्रोग्रॅम बसला तेव्हा आम्ही हवेतच होतो. गावोगावचे कॅन सकाळी यायचे, प्रत्येक गावाचा दुधाचा नमुना तपासला जायचा आणि नमुना आंबट निघाला की त्या गावाची ओळ स्क्रीनवर लाल व्हायची. लाल ही माझी अक्कल. नाना तेव्हा पुतणीच्या लग्नात होते. लाल म्हणजे धोका, हे काय कुणाला सांगायला पाहिजे?

सांगायला पाहिजे होतं. आठवडाभरात निरोप आला की टाकीभर दूध नासलं आणि अध्यक्ष कॉम्प्युटर पोत्यात बांधून परत पाठवायला निघालेत. शिरीषभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. हे काम गेलं असतं तर आमचं ऑफिस बंदच झालं असतं, आणि नानांना या वयात तिसरी गादी कोण देणार होतं? आम्ही तिघं पहिल्या एस.टी.नं निघालो.

कॉम्प्युटरवर पाटीलआबा बसायचे. साठीला आलेले, पांढऱ्या टोपीचे, अतिशय सज्जन कारकून. मी तावातावानं विचारलं, "आबा, ओळ लाल झाली होती ना? मग कॅन टाकीत कसा गेला?"

आबा शांतपणे म्हणाले, "लाल दिखनी ना, बाई. माले वाटनं, त्या गावनी आज सुट्टी शे."

आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. रविवार लाल, दिवाळी लाल, प्रजासत्ताक दिन लाल. चाळीस वर्षं आबा लाल दिसलं की टोपी काढून घरी बसत आले होते. सुट्टी असलेल्या गावाचं काय बघायचं, म्हणून ती ओळ सोडून ते पुढे गेले. मला हसू आणि रडू एकदम आलं. नाना मात्र टाळी वाजवून उठले. "बराबर शे! आबा, तुमनं काहीच चुकनं नही. लालले एकटं सोडं हाई आमनी चूक."

तिथेच बसून त्यांनी ती ओळ बदलायला लावली. नुसतं लाल अक्षर नको, ओळीला लाल काठ हवा, त्यावर लिंबू अक्षरात शब्द हवा, आणि शब्द कॅलेंडरात कधी न येणारा. "थांबा" लिहूया, मी म्हटलं. आबांनी मान हलवली. थांबा तर एस.टी.चा असतो. शेवटी आबांनीच शब्द दिला, "ओता नका." मी तो तसाच टाकला. व्याकरणाचं बघता येईल, दूध नासायला नको. अध्यक्षांनी समोर उभं राहून एक खोटा आंबट नमुना घालून पाहिला. ओळ लाल काठानं उठली, आणि आबांच्या आधी दारातला हमालच ओरडला, "ओता नका!" कॉम्प्युटर पोत्यातून वाचला. येताना नानांनी आम्हाला शेवभाजी खाऊ घातली, इतकी झणझणीत की तिघांच्याही डोळ्यांतून पाणी, आणि तरी आम्ही हसतच होतो.

त्या दिवशी आबांनी आणखी एक तक्रार केली होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. स्क्रीनच्या तळाला काळ्यावर शाई रंगात सूचना असायच्या, कुठलं बटण दाबलं की काय होतं ते. आबा म्हणाले, तिथे काही नाहीच. मी वाचून दाखवलं तरी ते म्हणाले, नाही. वय झालं, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं. आज त्याची लाज वाटते.

फाल्गुनातली एक सकाळ. मी आईची निळी साडी नेसून ऑफिसात गेले होते, गडद शाई रंगाची. नानांचा रोजचा शिरस्ता होता. दारातून येणाऱ्याच्या कपड्याचा रंग ते बघताक्षणी, नावानिशी सांगायचे. आमसुली, अंजिरी, श्रीखंडी, तीस वर्षांत ते कधी चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "काय गं, संक्रांत तर केव्हाच झाली. आज काळी कशी काय?"

मी हसले. शिरीषभाऊही हसले. आम्हाला वाटलं, नाना गंमत करताहेत. मी म्हटलं, "नाना, शाई आहे ही!"

नाना हसले नाहीत. "उन्हात चल," म्हणाले. गॅलरीत ऊन रणरणत होतं. त्यांनी माझा पदर हातात धरला, तिरपा केला, उलटा करून बघितला, डोळ्यांजवळ नेला. मग हळूच सोडून दिला आणि आत जाऊन बसले.

दुपारी त्यांनी सगळं सांगितलं. वर्षभर असं होत होतं. लिंबू अक्षर आणि पांढरं अक्षर त्यांना सारखंच दिसायला लागलं होतं. घरी काकूंना त्यांनी काळ्या रिळाऐवजी निळं आणून दिलं होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, दोन्ही डोळ्यांत. आणि हे सगळं त्यांनी आमच्यापासून लपवलं होतं, कारण रंग न दिसणाऱ्या माणसाला रंगाच्या कामावर कोण ठेवेल? "शिरीषभाऊ, मी उद्यापासून येत नाही," असं त्यांनी अगदी छापील मराठीत सांगितलं. त्या छापील मराठीनं मला सगळ्यात जास्त रडवलं.

आणि रडता रडताच माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडलेच, "आबा!" दोघं दचकले. मी नानांना ओढत कॉम्प्युटरपाशी नेलं, दूध संघाची स्क्रीन लावली आणि विचारलं, तळाला काय लिहिलंय? नानांनी निरखून पाहिलं. म्हणाले, तिथे काही नाही.

अगदी हेच आबांनी सांगितलं होतं! म्हणजे आबांचं वय झालं नव्हतं, मला अक्कल यायची होती. आमच्या स्क्रीनसमोर बसणारे सगळे कोण होते? दालमिलचे मुनीम, दवाखान्यांचे कंपाउंडर, संघांचे आबा. खानदेशच्या उन्हात आयुष्यभर डोळे भाजलेली माणसं. आणि रंग निवडणारी कोण, तर मी, वय चोवीस!

नानांच्या ते आधी लक्षात आलं नाही. आलं तेव्हा ते ताडकन उठले. "म्हणजे माले जे दिखस, ते बठ्ठासले दिखी?" जे त्यांना दिसेल ते सगळ्यांना दिसणार होतं, आणि मग आठ दिवस आमच्या ऑफिसात जी काही धमाल चालली! नाना समोर बसायचे, मी एकेक स्क्रीन लावायची, आणि ते नुसतं म्हणायचे, दिसतंय, नाही दिसत, दिसतंय. काळ्यावरची शाई गेली. पांढऱ्याशेजारचा लिंबू गेला. राखेवर राणी मी फार हौसेनं वापरला होता, तोही गेला. जिथे रंग पोचत नव्हता तिथे अक्षराला जागा मोठी दिली, शब्द दिला, चौकट दिली. नव्या स्क्रीन घेऊन आम्ही धुळ्याला गेलो, तर आबा तळाची ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले आणि मधेच थांबून म्हणाले, "हाई कवय लिखं?" केव्हा लिहिलं म्हणून विचारत होते. मी कान पकडले.

त्यानंतर नानांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी ते दवाखान्यातून घरी न जाता रिक्षानं थेट ऑफिसात आले. मागून काकू धापा टाकत जिना चढत होत्या. नानांनी माझ्या टेबलावरची शाईची बाटली उचलली, एक डोळा मिटला, दुसरा उघडला, पुन्हा उलटं केलं, आणि बाटली छातीशी धरून ओरडले, "निळा! माय वं, हाऊ इतला निळा व्हता का?" खालच्या पँट-शर्टच्या दुकानातली माणसं वर आली. नानांनी त्या दिवशी इमारतभर फिरून प्रत्येक वस्तूचा रंग दोनदा सांगितला. एकदा उजव्या डोळ्यानं, एकदा डाव्या. उजवा पांढरं म्हणायचा तिथे डावा बदामी म्हणायचा. अख्ख्या जळगावात दोन-दोन रंग दिसणारा आपण एकटाच, याचा त्यांना विलक्षण अभिमान वाटत होता.

घोटाळा झाला तो पुढे. डाव्या डोळ्याची तारीख आली, आणि नाना गेले नाहीत. दुसरी तारीख आली, तीही चुकवली. भुसावळचं एक काम चालू होतं आणि प्रत्येक स्क्रीन ते डाव्या डोळ्यानं तपासत होते. उजवा झाकायचा, डाव्यानं बघायचं. "उजवा डोळा माझा," ते म्हणायचे. "डावा गिऱ्हाइकाचा. तो कसा काढून देऊ?" आम्ही आधी हसलो. मग एक दिवस काकू ऑफिसात आल्या आणि माझ्यासमोर बसून रडल्या. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू फार पिकू देऊ नका, आत फुटला तर डोळा कायमचा जाईल. "नंदा, तुझ्या त्या पेटीसाठी यांचा डोळा जाणार गं," काकू म्हणाल्या.

मी भांडले नानांशी. शिरीषभाऊंनी काम काढून घेण्याची धमकी दिली. नाना ऐकून घ्यायचे आणि पुन्हा उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायचे. ते हट्टी नव्हते, हेच तर अवघड होतं. आपला हा डोळा गेला की आबांसारख्या माणसांच्या बाजूनं बघणारं ऑफिसात कुणी उरणार नाही, ही त्यांची खरीखुरी काळजी होती.

तेवढ्यात माझं लग्न ठरलं. मी पुण्याला जाणार होते. ऑफिसातला शेवटचा दिवस होता, संध्याकाळची गाडी होती, आणि मी पेढे घेऊन जिना चढले तर टेबलावर हा पसारा! लग्नात लायटिंग करणाऱ्याकडून नानांनी जिलेटिनचे रंगीत कागद आणले होते, पिवळे, केशरी, चहाच्या रंगाचे. बटरपेपरचे तुकडे होते. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली रिळं ओळीनं मांडली होती, आणि नाना खिडकीत उभे राहून उजव्या, म्हणजे नव्या डोळ्यावर कागदामागून कागद धरत होते. एक पिवळा. नाही. दोन पिवळे. नाही. दोन पिवळे आणि एक चहाचा. प्रत्येक वेळी निळं रीळ उजव्यानं बघायचं, मग कागद खाली करून डाव्यानं. नव्या डोळ्याला जुन्यासारखं दिसेल असा थर ते शोधत होते, मला काही विचारायची गरजच पडली नाही. मी पेढे बाजूला ठेवले आणि कात्री घेतली.

आम्ही दोघं किती वेळ कापत होतो कोण जाणे. मधे शिरीषभाऊ येऊन कागद धरायला उभे राहिले. दोन पिवळे, एक चहाचा, वर बटरपेपर. नानांनी तो थर उजव्या डोळ्यावर धरला. निळं रीळ बघितलं. डाव्यानं बघितलं. काळं रीळ बघितलं. पुन्हा निळं. मग स्क्रीनकडे वळून वरपासून खालपर्यंत एकदा या डोळ्यानं, एकदा त्या डोळ्यानं. आम्ही श्वास रोखून उभे होतो.

"जुळलं!" नाना ओरडले. "नंदा, जुळलं! आते मना दोन्ही डोया म्हातारा व्हई ग्यात!"

असे नाचले ते, की कागद हातात, चष्मा कपाळावर, धोतराचा सोगा खुर्चीत अडकलेला. मग त्यांनी तो थर पुठ्ठ्याच्या चौकटीत नीट चिकटवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता तू बघ. मी डोळ्याला लावला. सगळी खोली पिवळसर धुरकट झाली. शाईची बाटली काळी झाली. मी नानांकडे बघितलं, आणि वर्षभर त्यांना मी कशी दिसत असेन ते पहिल्यांदा मला कळलं.

चौकट डोळ्यावरून काढली तेव्हा नाना फोनपाशी पोचले होते. दवाखान्याचा नंबर त्यांना पाठच होता. "हां, बाविस्कर बोलतोय," ते अगदी छापील मराठीत म्हणाले, "डावा डोळा. उद्याची तारीख मिळेल का?"